नखं मजबूत हवीत? आधी हात कोरडे ठेवायला शिका



या पानावर आम्ही नेहमी बोटुकलीबद्दल लिहितो. बीज कधी येणार, दर काय, तलावात कधी सोडायचं. आज बोटुकली नाही, बोटांबद्दल लिहायचं आहे. खरं म्हणजे बोटांच्या टोकाला असलेल्या नखांबद्दल. हसू नका. पूर्ण वाचा आणि घरातल्या बायकांनाही वाचून दाखवा.

मागच्या पावसाळ्यात आपल्या एका सभासदाच्या घरची मावशी कर्जाच्या कागदावर अंगठा द्यायला ऑफिसात आली. मशीन काही अंगठा घेईना. तीनदा पुसला, चारदा दाबला. शेवटी आम्ही हात बघितला तर अंगठ्याच्या नखाची कड लालभडक, सुजलेली, हात लावू देईना. नखुरडं झालं होतं. आम्ही काय केलं? आपल्याकडे सगळे सांगतात तेच सांगितलं. लिंबाला भोक पाडा, बोट आत घाला, दोन दिवसांत उतरेल.

उतरलं नाही. आठ दिवस ती लिंबू बदलत राहिली आणि त्याच हातानं बर्फातली मासळी काढत राहिली. मग ताप आला. दवाखान्यात नेल्यावर पू काढावा लागला, नख काढावं लागलं, आणि त्याच वेळी रक्तात साखर बरीच वाढलेली सापडली. ती तिला माहीतच नव्हती. डॉक्टर म्हणाले, अजून चार दिवस गेले असते तर बोटाचं टोक वाचलं नसतं. मावशीची पाटी दीड महिना बंद राहिली.

लिंबाचा सल्ला आमचा होता. म्हणून हा लेखही आम्हीच लिहायचा होता. त्यानंतर आम्ही डॉक्टरांना विचारलं, वाचलं, आणि जे पक्कं कळलं ते इथं मांडतो आहोत.

नख म्हणजे नक्की काय?

आपल्याला दिसतं ते नख मेलेलं असतं. म्हणून तर कापताना दुखत नाही. जिवंत भाग आत असतो, नखाच्या मुळाशी, कातडीखाली. तिथं नख तयार होतं आणि हळूहळू पुढं सरकतं. नखाच्या तळाशी पांढरट अर्धचंद्र दिसतो ना, तो त्या मुळाचाच पुढचा भाग.

नख केराटिन नावाच्या प्रथिनाचं बनतं. केस त्याचेच, बैलाची शिंगं आणि खुरंही त्याचीच. त्या प्रथिनात गंधक असतं आणि गंधकाच्या जोडांमुळं नखाला कडकपणा येतो. इथंच एक गैरसमज काढून टाकू. नखात कॅल्शियम अगदी नावापुरतं असतं. 'नखं तुटतात म्हणजे कॅल्शियम कमी' हे बहुतेक वेळा खरं नसतं. पोरांच्या नखावर पांढरे ठिपके दिसले की आपण दूध वाढवतो. दूध द्या, चांगलंच आहे. पण ते ठिपके बहुधा नखाच्या मुळाला बसलेल्या बारीक धक्क्याचे असतात आणि नखाबरोबर पुढं सरकून कापले जातात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नख जिथं कातडीतून बाहेर येतं तिथं एक पातळ पापुद्रा नखाला घट्ट चिकटलेला असतो. होडीच्या फटीला आपण डांबर कशाला मारतो? पाणी आत येऊ नये म्हणून. तो पापुद्रा म्हणजे बोटाचं डांबर. तो शाबूत असेल तर पाणी, घाण, जंतू मुळापर्यंत जात नाहीत. तो निघाला की होडीत पाणी शिरायला लागलं समजा. पार्लरमध्ये किंवा घरी 'सुंदर दिसावं' म्हणून तो मागं ढकलतात, कापतात. मासळीच्या कामात असलेल्यांनी हे कधीही करू नये.

नख किती वाढतं?

हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. दिवसाला एका मिलिमीटरचा दहावा भाग. मुळापासून पूर्ण नख यायला साधारण सहा महिने लागतात. म्हणजे दिवाळीला गेलेलं नख अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पुरतं परत येतं. पायाचं नख त्याहून सावकाश, अंगठ्याला वर्ष ते दीड वर्ष लागतं.

हे आकडे हवेतले नाहीत. अमेरिकेतल्या आयोवाचे विल्यम बीन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९४१ पासून पस्तीस वर्षं स्वतःच्या अंगठ्याचं नख मोजलं. महिन्याच्या पहिल्या तारखेला नखाच्या मुळाशी कानशीनं बारीक रेघ ओढायची आणि ती टोकापर्यंत यायला किती दिवस लागतात ते लिहायचं. बत्तिसाव्या वर्षी त्यांचं नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. वय वाढलं की नखाचा वेग कमी होतो. म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांचं नख गेलं तर यायला जास्त वेळ लागणार, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आणि आपला मराठी माणूस तर जगात पहिला! पुण्याचे श्रीधर चिल्लाल. जन्म १९३७ चा. १९५२ साली त्यांनी डाव्या हाताची नखं कापणं सोडलं. शाळेत असताना एका शिक्षकाचं जपलेलं लांब नख त्यांच्याकडून चुकून मोडलं होतं. एवढं जपणं तुला काय कळणार, असं शिक्षकांनी सुनावलं आणि त्यांनी ते मनावर घेतलं. एका हाताची सगळ्यात लांब नखं म्हणून गिनीज बुकात नाव गेलं. पाच नखांची मिळून लांबी ९०९.६ सेंटीमीटर, एकट्या अंगठ्याचं नख १९७.८ सेंटीमीटर. शेवटी जुलै २०१८ मध्ये न्यूयॉर्कला ती कापली आणि तिथल्याच संग्रहालयात ठेवली.

आता आपला हिशेब करू. ६६ वर्षांत साधारण १९८ सेंटीमीटर, म्हणजे वर्षाला ३ सेंटीमीटर, महिन्याला अडीच मिलिमीटर. बघा, जगज्जेत्याचं नखही तुमच्या-आमच्यासारखंच हळूहळू वाढलं. त्याला काही खास खुराक नव्हता, फक्त मोडू दिलं नाही. आणि त्याची किंमत? त्यांचा डावा हात कायमचा अधू झाला. बोटं उघडेनात, मिटेनात.

यातून आपल्याला घ्यायचं ते एवढंच. नख वेगानं वाढवायचं औषध कुणाकडे नाही. तयार होणारं नख खराब होऊ न देणं एवढंच आपल्या हातात आहे. आणि आपल्याला लांब नख नको, काम करणारं बोट हवं.

आपल्या धंद्यात नखं का खराब होतात?

पहिला शत्रू पाणी. ऐकायला विचित्र वाटेल, पाण्यावरच आपलं पोट आहे. पण नख पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. दिवसातून एकदा झालं तर काही बिघडत नाही. पण सकाळपासून रात्रीपर्यंत तीस-चाळीस वेळा फुगणं-आकसणं झालं की नखाचे थर सुटायला लागतात. जुन्या प्लायवूडचे पदर सुटतात तसे. टोकाला नख पापुद्र्यासारखं निघतं, कापडाला अडकतं, ते यामुळंच.

त्यात आपल्याकडं नुसतं पाणी नसतं. कारवार, मलपेहून हुबळीला येणाऱ्या मासळीचा बर्फ, सुकटीचं मीठ, पाट्या धुवायची ब्लीचिंग पावडर, तळ्यात टाकायचा चुना, घरी आल्यावर भांड्यांचा साबण. प्रत्येक गोष्ट कातडीचं तेल ओढून घेते. तेल गेलं की तो डांबराचा पापुद्रा वाळतो, फाटतो, निघतो.

(तळ्यात पोटॅशियम परमँगनेट वापरल्यावर नखं तपकिरी होतात, ते मात्र घाबरण्यासारखं नाही. तो रंग नखाबरोबर निघून जातो. तरी हातमोजे घालूनच टाका.)

दुसरा शत्रू म्हणजे नखांचा हत्यारासारखा वापर. कल्ले नखानं ओढायचे, कोळंबी नखानं सोलायची, जाळ्याची गाठ नखानं सोडवायची, डब्याचं झाकण नखानं उचलायचं. प्रत्येक वेळी नख खालच्या मांसापासून थोडं सुटतं. सुटलेल्या जागेत पाणी साठतं आणि तिथं जंतू घर करतात. कधी कधी अशा नखाखाली हिरवट रंग दिसतो. तो रंग नसून जंतू असतात.

नखुरडं: दोन प्रकार ओळखा

एक येतं अचानक. दोन-तीन दिवसांत लाल होतं, ठणकतं, पू धरतं. बहुधा एकाच बोटाला. कुठंतरी काटा लागलेला असतो, नाहीतर नखाच्या कडेची सालपटं दातानं ओढलेली असतात. सुरुवातीला कोमट पाण्यात बोट बुडवून ठेवा, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, आणि प्रत्येक वेळी नीट कोरडं करा. पू दिसला तर डॉक्टर. सुईनं, गळानं, बाभळीच्या काट्यानं स्वतः फोडू नका. पू बाहेर येण्याऐवजी आत ढकलला जातो, आणि बोटाच्या टोकाला जागाच कमी असते.

लिंबाचं काय? लिंबू आंबट, फाटलेल्या कातडीला आणखी झोंबतं, आणि बोट दिवसभर ओलं राहतं. पण लिंबाचा खरा तोटा वेगळा आहे. लिंबू घातलं की 'उपाय चालू आहे' असं वाटतं आणि दवाखाना लांबतो. चुना, तंबाखू, शेण तर अजिबात लावू नका. शेणामातीतून धनुर्वात होऊ शकतो.

दुसरं नखुरडं चोरपावलानं येतं. फार दुखत नाही. नखाच्या मुळाशी कातडी जाड, फुगीर, लालसर होते, पापुद्रा नाहीसा होतो, नखावर आडव्या लाटा दिसतात. दोन-तीन बोटांना एकदम असतं आणि सहा आठवड्यांहून जास्त टिकतं. हा आपल्या ओल्या कामाचा आजार. मासळी सोलणाऱ्या बायका, हॉटेलात भांडी घासणारे, धोबी यांना होणारा. इथं नुसतं बुरशीचं मलम लावून भागत नाही. डॉक्टर मलम देतील, पण हात कोरडे ठेवले नाहीत तर कुठलंही मलम टिकणार नाही. कोरडेपणा हेच इथं मुख्य औषध. पापुद्रा परत धरायला काही महिने लागतात. धीर धरा.

माशाचा काटा लागला तर

चिलापीचा पाठीवरचा काटा, शिंगी-मांगूरचे कल्ल्यामागचे काटे, हे आपल्या रोजच्या ओळखीचे. शिंगीच्या काट्याला विष असतं, ठणका असह्य असतो. अशा वेळी सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा, अर्धा ते दीड तास. ठणका उतरतो. पाणी आधी दुसऱ्या हातानं नाहीतर दुसऱ्या माणसानं तपासायचं, कारण दुखऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही. मग साबण-पाण्यानं जखम धुवा. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर डॉक्टरांकडून काढून घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं झाली असतील तर परत घ्या.

यापुढचं नीट वाचा. मासळीच्या कामातल्या लोकांना दोन आजार खास होतात.

एक: काटा लागल्यावर काही दिवसांत बोट जांभळट-लाल होतं, जळजळतं, आणि तो डाग कडेनं हळूहळू पसरतो. पू नसतो. मासळी आणि जनावरांच्या मांसावरच्या एका जंतूमुळं हे होतं. साध्या पेनिसिलीन जातीच्या औषधानं बरं होतं. पण औषध डॉक्टरांनीच द्यायचं.

दोन: काटा विसरूनही गेलात, आणि दोन-चार आठवड्यांनी त्या जागी गाठ येते. फार दुखत नाही, पण बरी होत नाही. कधी कधी हातावर वर वर आणखी गाठी येतात. हा क्षयाच्या जंतूच्या भाऊबंदातला, पाण्यात राहणारा जंतू. याला महिनोन्‌महिने वेगळं औषध लागतं. नेहमीच्या पाच दिवसांच्या गोळ्यांनी काही होत नाही.

हे दोन्ही आजार शहरातल्या डॉक्टरांना रोज दिसत नाहीत. म्हणून दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य हे असू द्या: "डॉक्टर, मी मासळीचं काम करतो, मला माशाचा काटा लागला होता." हे एक वाक्य तुमचे तीन महिने वाचवू शकतं.

नख पिवळं, जाड, चुरा होणारं

ही बहुधा बुरशी. हातापेक्षा पायाला जास्त. दिवसभर गमबूट, आत ओले मोजे, मग होणारच. पण प्रत्येक जाड नख बुरशीचं नसतं, त्यामुळं नखाचा तुकडा तपासून मगच औषध घ्यावं. गोळ्या आठवडे, कधी महिने चालतात आणि चांगलं नख दिसायला तर पूर्ण नख उगवावं लागतं. मध्येच सोडलं तर परत येतं.

एक विनंती. मेडिकल दुकानातून 'खाजेची ट्यूब' आणून लावू नका. अशा कित्येक ट्यूबांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवस बरं वाटतं आणि खालून बुरशी वाढत जाते.

खाण्यातून काय होतं?

नख प्रथिनाचं, म्हणून पोटात प्रथिन हवं. मासळीच्या घरात त्याची चिंता नसावी. पण खरं सांगू? चांगली मासळी विकायला जाते आणि घरात बाई शेवटी रस्सा-भाकरीवर उठते. हे बदलायला पाहिजे. लहान मासळी काट्यासकट खाल्ली तर फायदाच.

दुसरी गोष्ट लोह. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. हा २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा. लोह फार कमी झालं की नखं पातळ, ठिसूळ होतात आणि मधे खळगा पडून चमच्यासारखी होतात. पाण्याचा थेंब ठेवला तर त्यात थांबतो. असं नख दिसलं तर नेलपॉलिश नको, रक्त तपासा. आरोग्य केंद्रात तपासणी होते, लोहाच्या गोळ्या मिळतात. जेवणाबरोबर चहा नको, तो लोह शोषू देत नाही, तास-दीड तास अंतर ठेवा. अंबाडी, मेथी, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीची भाकरी आणि वरून लिंबू पिळलेलं, हे आपल्या धारवाडकडचं जेवण चांगलंच आहे. लिंबाची जागा इथं, बोटात नाही!

आमच्या मुलींनी विचारलं आहे की नखं वाढायला बायोटिनच्या गोळ्या घेऊ का? नीट जेवणाऱ्या माणसाला त्यांचा फायदा होतो याचा पुरावा फार थोडा आहे. उलट जास्त मात्रेतलं बायोटिन थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकवू शकतं. घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांना जरूर सांगा. तेवढ्या पैशांत अंडी आणा.

नख आरशासारखं असतं

मोठा ताप, टायफॉइड, ऑपरेशन झालं की काही आठवड्यांनी सगळ्या नखांवर एकाच ओळीत आडवी खाच दिसते. आजारपणात नख बनणं थांबलं होतं, त्याची ती खूण. आपोआप पुढं सरकून जाते.

पण पुढच्या गोष्टी दिसल्या तर वेळ घालवू नका:

– बोटांची टोकं फुगीर आणि नखं पोपटाच्या चोचीसारखी गोल होत चाललीत. फुप्फुस किंवा हृदयाचा आजार असू शकतो. विडी ओढणाऱ्यांनी विशेष बघा.
– एकाच नखात काळी उभी रेघ नवी आली आणि रुंद होत चालली, किंवा काळेपणा शेजारच्या कातडीवर उतरला. सावळ्या माणसांच्या बऱ्याच नखांत अशा रेघा जन्मभर असतात, त्या ठीक. एकट्या नखातली वाढणारी रेघ मात्र दाखवा, क्वचित ती कर्करोगाची असते.
– नखं निळसर आणि दम लागतोय. तातडीनं दवाखाना.
– नखुरडं परत परत होतंय. रक्तातली साखर तपासा. आपल्या मावशीचं हेच झालं होतं.

आणि कोविडच्या वेळचं आठवा. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन गडद नेलपॉलिश किंवा मेंदी असेल तर चुकीचा आकडा दाखवू शकतं. दवाखान्यात जाताना एक तरी बोट रंगाशिवाय ठेवा.

रोज काय करायचं?

१. काम संपलं की गोड्या पाण्यानं, साध्या साबणानं हात धुवा आणि कोरड्या फडक्यानं पुसा. बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडाही. मासळी पुसायचं फडकं वेगळं, हात पुसायचं वेगळं.

२. झोपताना नखांच्या मुळाशी खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळा. दोन मिनिटांचं काम. महागड्या क्रीमची गरज नाही.

३. रबरी हातमोज्यांच्या आत सुती हातमोजे घाला. नुसत्या रबरात घाम साठतो आणि हात ओलेच राहतात. आतला मोजा भिजला की बदला, दोन-तीन जोड ठेवा. फाटका मोजा घालण्यापेक्षा न घातलेला बरा, कारण त्यात पाणी कोंडून राहतं. जाळं ओढताना, इंजिन चालू असताना सैल मोजे घालू नका, अडकतील.

४. नखं आखूड ठेवा. आंघोळीनंतर नख मऊ असतं तेव्हा कापा. हाताची बोटाच्या आकारानं, पायाची सरळ. कोपऱ्यात खोल जाऊ नका. ब्लेड नको. नेलकटर घरात प्रत्येकाचा वेगळा नसेल तर निदान धुऊन पुसून वापरा.

५. सुतळी-नायलॉन दातानं आणि नखानं तोडू नका. पाटीत एक छोटी कात्री ठेवा. मासळीच्या हातानं नखं कुरतडू नका.

६. पापुद्रा कापू नका, ढकलू नका. कडेला सालपट निघालं तर कात्रीनं कापा, ओढू नका.

होडीवाल्यांना आणि पाटीवाल्यांना

मालकांनो, हे तुमच्यासाठी. नीरसागर असो, रेणुकासागर असो की हुबळीच्या बाजारातली पाटी, हातानं काम करणारा माणूस घरी बसला तर नुकसान तुमचंही आहे. होडीवर गोड्या पाण्याचा एक कॅन, साबण, कोरडं फडकं, हातमोज्यांचे दोन जोड आणि एक चिमटा ठेवा. एका दिवसाच्या चहापाण्याएवढाही खर्च नाही. कामगाराचं बोट सुजलेलं दिसलं तर 'आजचा दिवस काढ' म्हणू नका. त्याला एक दिवस कोरडं काम द्या, वजन लिहायचं, पैसे घ्यायचं. आज दिलेला एक दिवस पुढचा महिना वाचवतो.

जून-जुलैमध्ये समुद्रावर ६१ दिवसांची बंदी असते, तेव्हा बर्फाची मासळी कमी येते. तेवढ्या दिवसांत नख ६ मिलिमीटर पुढं येतं, साधारण एक तृतीयांश नवं नख. ज्यांचे हात खराब झालेत त्यांनी हीच वेळ साधावी. दोन महिने तेल, कोरडे हात आणि औषध नीट झालं तर श्रावणानंतरच्या गर्दीला मुळाकडून नवं येत असलेलं नख घेऊन उभे राहाल.

दाखवायचं कुठं? सुरुवातीला जवळचं आरोग्य केंद्र किंवा नम्मा क्लिनिक. तिथून पाठवलं तर हुबळीचं किम्स किंवा धारवाडचं सिव्हिल हॉस्पिटल. पू, ताप, हातावर वर चढत जाणारी लाल रेघ, किंवा साखरेचा आजार असताना कुठलंही सुजलेलं बोट, यातलं काही असेल तर त्याच दिवशी जायचं, उद्यावर ढकलायचं नाही.

मावशीचं नख आता पूर्ण आलं आहे. थोडं वाकडं आहे, पण पाटी रोज लागते. साखरेची गोळी चालू आहे. परवा ऑफिसात आली, मशीनवर अंगठा ठेवला, पहिल्याच दाबाला घेतला. जाताना म्हणाली, "सचिव, आता कुणाला लिंबू सांगू नका बरं."

नाही सांगणार, मावशी. म्हणून तर हे लिहिलं.

तुमच्या घरात कुणाला असं बोट असेल तर आजच हात बघा. लाजू नका, लपवू नका. ऑफिसात या, कुठल्या दवाखान्यात जायचं ते सांगू, कुणी सोबत नसेल तर सोबत माणूस देऊ.

आपला,
सचिव